पुळणीचे वाळूभरण आणि सर्फिंगचे रीफ: दोन्हींत गल्लत नको

‘पुदुच्चेरीला समुद्रात रीफ टाकले आहे, म्हणजे तिथे सर्फिंगला तयार लाटा मिळणार,’ हे वाक्य सुट्टीत पूर्व किनाऱ्याकडे निघालेल्या नाशिककर तरुणांकडून मी इतक्या वेळा ऐकले आहे, की ते एकदा नीट खोडून काढणे भाग आहे. ते रीफ लाटा देण्यासाठी नसून नाहीशी झालेली पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळूची पट्टी, परत यावी आणि टिकावी यासाठी आहे.

वाळूबद्दल गोदाकाठच्या वाचकाला फार सांगायला नको. पुदुच्चेरीच्या किनाऱ्यालगत वाळू वर्षभरात एकंदरीत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. १९८०च्या दशकात बांधलेल्या बंदराच्या भिंतींनी ती अडवली आणि उत्तरेची पुळण गेली. अशा ठिकाणी उपसलेली वाळू आणून टाकणे म्हणजे वाळूभरण. ती पुन्हा वाहून जाते, म्हणून पुन्हा भरावी लागते. रीफ म्हणजे पाण्याखाली बसवलेला अडसर. पुदुच्चेरीचे पोलादी रीफ चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २०१८ मध्ये बसवले. त्याला ‘कृत्रिम प्रवाळ’ म्हणू नये, कारण त्यात प्रवाळ नाही. आणि ‘बंधारा’ तर मुळीच म्हणू नये, कारण त्यावरून पाणी वाहतच राहते. माशांसाठी तळाशी सोडलेले काँक्रीटचे ठोकळे हा तिसराच प्रकार आहे, त्याचा लाटांशी संबंध नाही.

खरी गल्लत होते ती ‘लाट फुटणे’ या शब्दांपाशी. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. किनारा राखणाऱ्या रीफला एवढेच पुरते: मोठी लाट दूरवर फुटावी, तिचा जोर तिथेच जिरावा आणि मागच्या शांत पाण्यात वाळू बसावी. सर्फरला, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत जाणाऱ्याला, मात्र लाट कुठे फुटते याइतकेच ती कशी फुटते हे महत्त्वाचे असते, कारण सगळी लाट एकदम कोसळली तर फळीला पुढे सरकायला जागाच उरत नाही. फुटण्याची जागा लाटेच्या माथ्यावरून एका बाजूला सरकत गेली पाहिजे. गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर हे डोळ्यांनी पाहता येते: बोट काठाला समांतर गेली की तिच्या मागची लाट तिरकी येऊन लागते आणि फेसाची रेघ काठाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळते. तीच लाट काठाला समांतर आली असती, तर सगळीकडे एकाच क्षणी आपटली असती. सर्फिंगच्या रीफला हा तिरकेपणा तळातून द्यावा लागतो, तोही त्या जागी येणाऱ्या लाटांची दिशा पाहून. म्हणून ते अवघड आणि महाग असते.

इंग्लंडमधील बॉस्कम येथे सुमारे तीस लाख पौंड खर्चून २००९ मध्ये वाळूच्या प्रचंड पिशव्यांचे असे रीफ उभारले, पण अपेक्षित लाट मिळाली नाही आणि २०११ मध्ये पिशव्यांनाच इजा झाली. न्यूझीलंडच्या माउंट माँगानुई येथील रीफ तर २०१४ मध्ये काढून टाकावे लागले. त्यामुळे केवळ लाटेसाठी रीफ बांधण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. ऑस्ट्रेलियातील नॅरोनेक येथील रीफचा क्रम मला पटतो: तिथे आधी पुळण टिकवण्याचा हेतू ठेवला आणि सर्फिंगला दुसरे स्थान दिले.

वाळूभरणही लाट बदलते, हे मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही. जाड वाळू टाकली तर उतार तीव्र होतो आणि लाट अगदी काठावर आदळते. नवशिक्याच्या मानेला आणि खांद्याला तेच सर्वांत धोक्याचे. उलट ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखाशी अडणारी वाळू २००१ पासून पंपाने पुढे सोडू लागल्यावर स्नॅपर रॉक्सपासून लांबलचक वाळूचा दांडा तयार झाला आणि त्यावर जगप्रसिद्ध लाट उभी राहिली, पण त्याच वाळूने पलीकडच्या किरा येथील जुनी, नावाजलेली लाट कित्येक वर्षे गाडून टाकली.