गाळमातीने जमीनसुधारणा

हलक्या, मुरमाड किंवा रेताड जमिनीत चिकणमातीची खनिजे मिसळून तिची सुपीकता आणि ओलावा धरून ठेवण्याची ताकद वाढवण्याची पद्धत. सोलापूर जिल्ह्यात त्यासाठी मुख्यतः तलावांतील गाळ वापरतात.

चिकणमातीचे कण ०.००२ मिमीपेक्षा बारीक असतात. बेसाल्ट झिजून बनलेल्या दख्खनच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइटसारखी स्मेक्टाइट गटातील खनिजे विपुल असून त्यांच्या थरांत पाणी शिरले की ती फुगतात व वाळली की आक्रसतात. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात त्या यामुळेच. थरांवरील ऋणभार पोटॅशियम, कॅल्शियम, अमोनियम यांचे आयन धरून ठेवतो आणि पिकाच्या मुळांना हळूहळू देतो; नायट्रेट मात्र ऋणभारित असल्याने निचऱ्याबरोबर निघून जाते. मॉन्टमोरिलोनाइटची धन-आयन विनिमय क्षमता, म्हणजे असे धनभारित आयन धरून ठेवण्याची व सोडण्याची ताकद, किलोला साधारण ८० ते १२० सेंटिमोल, तर केओलिनाइट या दुसऱ्या चिकणमाती-खनिजाची अवघी ३ ते १५ असते. म्हणूनच माती चिकट आहे एवढ्यावरून तिचा उपयोग ठरवणे चुकीचे आहे.

उताराच्या रानातून पावसाने आधी वाहून जातात ते हेच बारीक कण, आणि ते एकरूख (हिप्परगा) तलावासारख्या जुन्या जलाशयांत साठतात. सोलापूरची रब्बी ज्वारी बहुतांशी जमिनीत मुरलेल्या ओलीवर पिकत असल्याने ही माती रानात परत नेण्याचे मोल येथे फार मोठे आहे. राज्य शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केल्यावर या कामास गती आली. खरी अडचण वाहतुकीची: एका एकरावर केवळ १ सेंटिमीटर थर द्यायचा तर सुमारे ४० घनमीटर, म्हणजे १४ ब्रास गाळ लागतो. त्यामुळे तलावाजवळच्या रानांनाच तो परवडतो. उन्हाळ्यात गाळ पसरून, ढेकळे फोडून, शेणखतासह कुळवाने मातीत मिसळावा; नुसता वर राहिलेला थर पावसात चोपून बसतो आणि पाणी मुरू देत नाही.

गाळ जास्त झाल्यास निचरा बिघडतो व वाफसा (मशागतीजोगी ओल) उशिरा येतो. निचऱ्याच्या जमिनीत चांगल्या येणाऱ्या डाळिंबासाठी, विशेषतः सांगोल्याकडील बागांत, हात आखडता ठेवणेच योग्य. सोडियमयुक्त गाळ तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट व पाणी न मुरणारी, करतो. त्याची प्राथमिक पारख घरीही होते: वाळलेले लहान ढेकूळ स्वच्छ पावसाच्या पाण्यात अलगद सोडून न ढवळता ठेवावे. ते विरघळून भोवती दुधाळ गढूळपणा पसरला, तर माती प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय तो गाळ शेतात टाकू नये.