शक्ती-तुऱ्याची बारी म्हणजे जलसा नव्हे

गणपतीत गावी आलेला चाकरमान्याचा पोरगा अंगणातली जाखडी, म्हणजे शक्ती-तुऱ्याच्या बारीतला (दोन शाहिरी पक्षांच्या सामन्यातला) फेराचा नाच, मोबाइलवर टिपतो आणि खाली लिहितो, ‘कोकणातला जलसा’. जलसा म्हणजे समाजसुधारणेसाठीचा शाहिरी कार्यक्रम. पण चूक त्याच्या एकट्याची नाही. बारी काय नि जलसा काय, दोन्हीकडे शाहीर, दोन्हीकडे ढोलकी, आरंभी गण आणि पुढे सवाल-जवाब.

सवाल कुणाला टाकलाय, तेवढं बघावं. शक्ती-तुऱ्यात तो समोरच्या बुवाला, म्हणजे दुसऱ्या पक्षाच्या मुख्य शाहिराला असतो. शक्तीवाले प्रकृतीला थोर म्हणणार, तुरेवाले शिवाला. पुराणातलं कोडं घालायचं, समोरच्याने पोथीचा आधार देऊन ते फोडायचं. मधे शाहीर नि कोरस बसलेले, भोवती घुंगरू बांधलेली पोरं रिंगण धरून. (कानातल्या बाळीवरून नाचाला ‘बाल्या’ म्हणतात, असं सांगतात.) उत्तर कुठल्यातरी पोथीत असतंच, आधी कोण काढतो एवढीच चुरस. रात्रभर एकमेकांची उणीदुणी काढलेले बुवा पहाटे शेजारी बसून चहा पितात.

जलशाची गोष्ट निराळी. १८७३ साली सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच्या विचारांच्या शाहिरांनी पुढे तमाशाचाच साचा उचलून आतला ऐवज बदलला. गण राहिला, पण गणपती म्हणजे गणांचा, लोकांचा पुढारी असा अर्थ लावून. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. इथे सवाल थेट बसलेल्या माणसाला: पाणवठा कुणाचा? पोरांना शाळेत का नाही घालत? आणि उत्तरासाठी पोथी उघडायची सोय नाही, कारण शंका पोथीवरच. महाडला १९२७च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं आणि डिसेंबरात मनुस्मृती जाळली गेली. जलसेवाले तीच गोष्ट ढोलकीवर सांगत हिंडले.

पण म्हणून बारीला नुसती करमणूक म्हणून मोडीत काढू नये. जाखडी नाचणारा कुणबी बहुतेक ठिकाणी खोताचं, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचं, कूळ होता. खोती मोडायचं बिल बाबासाहेबांनी १९३७ साली कायदेमंडळात मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तोवर या माणसाला मोकळ्या गळ्याने भांडायला मिळत होतं ते रिंगणातच, असं मला वाटतं.

हल्ली बारीत दारूबंदी, हुंडा, मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे, सगळं येतं. खड्ड्यांच्या गाण्याला शिट्ट्या तर हमखास. पण गाणं संपलं की बुवा परत समोरच्याकडे वळतो: ‘बोला बुवा, आमच्या सवालाचं काय झालं?’