इंग्रजी वाक्याची जुळणी : विशेषनाम, भूतकाळ, सर्वनाम आणि शब्दयोगी अव्यय

इंग्रजी वाक्यात कोणी काय केले हे शब्दांच्या जागेवरून कळते. मराठीत ते शब्दाला लागलेल्या प्रत्ययावरून कळते. मराठीभाषक विद्यार्थ्याच्या इंग्रजीतल्या बऱ्याच चुकांचे मूळ या एका फरकात आहे. नागपुरात तर घरची मराठी आणि बाजारातली हिंदी या दोन्ही भाषा संबंध दाखवणारा शब्द नामानंतर ठेवतात : ‘नागपुरात’, ‘नागपूर में’. त्यामुळे ‘इन नागपूर’ ही उलटी चाल इथल्या मुलाला दोन्हींकडून अनोळखी असते.

‘बख्त बुलंद शाहने नागपूर वसवले’ हे वाक्य ‘नागपूर बख्त बुलंद शाहने वसवले’ असे फिरवले तरी वसवणारा बदलत नाही, कारण ‘ने’ त्याला चिकटलेला आहे. इंग्रजीत ‘बख्त बुलंद शाह फाउंडेड नागपूर’ यातली नावे इकडची तिकडे केली, तर शहराने राजाला वसवले असा अर्थ होतो. म्हणून तिथे नेहमीचा क्रम कर्ता, क्रियापद, कर्म, मग स्थळ, मग काळ असा असतो. काळ वाक्याच्या आरंभीही चालतो. क्रियापद मात्र मराठीसारखे शेवटापर्यंत राखून ठेवता येत नाही.

विशेषनामाचे रूप इंग्रजीत बदलत नाही. मराठीत ‘नागपूर’चे ‘नागपुरात’ होताना दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो; इंग्रजीत शब्दयोगी अव्यय आधी येते आणि नाव जसेच्या तसे राहते. शहराच्या किंवा तलावाच्या नावाआधी ‘द’ लागत नाही (‘फुटाळा लेक’), नदीच्या नावाआधी लागतो (‘द नाग रिव्हर’).

भूतकाळी क्रियापद इंग्रजीत सोपे आहे, हे मुलांना सांगितलेच पाहिजे. मराठीत चिवडा खाल्ला, पोळी खाल्ली, पोहे खाल्ले. इंग्रजीत तिन्हींना ‘एट’. लिंग, वचन, पुरुष कशानेही रूप हलत नाही. अपवाद फक्त ‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांचा. अडचण येते ती दोन ठिकाणी. पहिली उच्चारात : लिहिताना प्रत्यय एकच, पण ‘वॉक’ला ट (वॉक्ट), ‘प्ले’ला ड (प्लेड) आणि ट किंवा ड ने संपणाऱ्या क्रियापदाला इड (वॉन्टेड). ‘स्टॉप’चे ‘स्टॉपेड’ नव्हे, ‘स्टॉप्ट’. दुसरी नकारात. ‘तो गेला नाही’ यात मराठीने भूतकाळ ‘गेला’मध्ये ठेवला आहे, म्हणून मूल ‘ही डिडन्ट वेंट’ लिहिते. इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’ने उचलला की मुख्य क्रियापद मूळ रूपावर येते : ‘ही डिडन्ट गो’. प्रश्नातही तेच : ‘डिड ही गो?’

चारही घटक एकत्र कसे बसतात हे नागपूरच्याच एका घटनेवर पाहता येते. ‘1877 साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. त्यांनी तिला राणी व्हिक्टोरियाच्या किताबावरून नाव दिले.’ पहिले वाक्य : ‘जमशेटजी टाटा ओपन्ड द एम्प्रेस मिल्स इन नागपूर इन 1877’. मराठीत आरंभी आलेले साल शेवटी गेले, ‘नी’ नाहीसा झाला, ‘त’ आणि ‘साली’ या दोघांच्या जागी दोन ‘इन’ आले. दुसरे वाक्य : ‘ही नेम्ड देम आफ्टर क्वीन व्हिक्टोरियाज टायटल’. ‘त्यांनी’ हे आदरार्थी बहुवचन, इंग्रजीत ते एकवचनी ‘ही’. तिथे ‘दे’ लिहिले तर टाटा एकाहून अधिक होतात. ‘तिला’ म्हणजे गिरणी मराठीत स्त्रीलिंगी असली तरी इंग्रजीत ‘हर’ नव्हे. ‘मिल्स’ बहुवचनी म्हणून ‘देम’, ‘मिल’ म्हटले असते तर ‘इट’. आणि ‘वरून’ला ‘फ्रॉम’ किंवा ‘ऑन’ नव्हे, ‘आफ्टर’.

मुले सर्वांत जास्त अडखळतात ती ‘ला’ या एका प्रत्ययाशी. ‘सुरेश नागपूरला गेला’ : ‘वेंट टू नागपूर’. ‘नागपूरला राहत होता’ : ‘लिव्ड इन नागपूर’. ‘नऊला आला’ : ‘केम ॲट नाइन’. इकडच्या बोलीतले ‘रविवारला आला’ : ‘केम ऑन संडे’. ‘मीराला पाहिले’ : ‘सॉ मीरा’, इथे काहीच नाही. एका ‘ला’ची पाच उत्तरे येतात, म्हणून ‘ला म्हणजे टू’ असे शिकवणे घातक आहे. त्याऐवजी आधी विचारावे : जाणे आहे, राहणे आहे, की वेळ आहे? वेळेत घड्याळाला ‘ॲट’, वार आणि तारखेला ‘ऑन’, महिना आणि सालाला ‘इन’. दीक्षाभूमीचा धम्मदीक्षा सोहळा ‘इन 1956’, ‘इन ऑक्टोबर’, पण ‘ऑन 14 ऑक्टोबर 1956’. दिवस आला की ‘इन’ जातो. जागेतही असेच : शहर आणि पेठेला ‘इन’ (‘इन धरमपेठ’), रस्त्याला ‘ऑन’ (‘ऑन वर्धा रोड’), ठरावीक बिंदूला ‘ॲट’ (‘ॲट झिरो माइल’).

काही क्रियापदे मधे अव्यय घेतच नाहीत. ‘नागपूरला पोहोचला’ हे ‘रीच्ड नागपूर’; ‘रीच्ड टू’ चूक. अर्थ तोच असून ‘अराइव्ड’ला मात्र अव्यय लागते : ‘अराइव्ड इन नागपूर’, ‘अराइव्ड ॲट अजनी स्टेशन’. ‘सुरेशशी लग्न केले’ हे ‘मॅरिड सुरेश’, ‘विथ’ नको. ‘विषयावर चर्चा केली’ यात ‘डिस्कस्ड’नंतर ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ येत नाही. हे क्रियापदासकटच पाठ करावे लागते.

अव्ययापुढे सर्वनाम आले की त्याचे रूप बदलते : ‘विथ ही’ नव्हे, ‘विथ हिम’. मराठीत ‘तो’चा ‘त्याच्याबरोबर’ होतो, तसेच हे. मराठीत ‘काल सीताबर्डीला गेलो होतो’ असे कर्त्यावाचून भागते, कारण ‘गेलो’ मध्ये ‘मी’ आहे; इंग्रजी ‘वेंट’मध्ये कोणीच नाही, म्हणून ‘आय’ हवाच. ‘पाऊस पडला’ यालाही ‘इट रेन्ड’ असा नावापुरता कर्ता लागतो.

एका बाबतीत मराठी अधिक स्पष्ट आहे. ‘रमेशने सुरेशला आपली सायकल दिली’ यात सायकल रमेशची. ‘त्याची’ म्हटले की ती सुरेशची किंवा तिसऱ्याची. इंग्रजीत दोन्हींना ‘हिज’, आणि वाचणारा गोंधळतो. मालक दुसरा असेल तर तिथे सर्वनाम सोडून विशेषनामच पुन्हा लिहावे : ‘रमेश गेव्ह सुरेशज सायकल बॅक टू सुरेश’. ऐकायला जड वाटले तरी सायकल कोणाची याबद्दल शंका उरत नाही.