कंत्राटाची रक्कम नेमकी कोणती? एआय एजंटांसाठीच्या टूल-वर्णनांची पार्श्वभूमी

बांधकाम कंत्राटांची माहिती शोधून आणणारी सॉफ्टवेअर टूल्स आता एआय एजंटांच्या, म्हणजे भाषा-मॉडेलवर चालणाऱ्या आणि स्वतः टूल निवडून काम करणाऱ्या प्रोग्रामांच्या, हाती दिली जात आहेत, आणि प्रत्येक टूल काय आणते, काय आणत नाही, हे सांगणारे वर्णन लिहिणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसले आहे. हे काम कठीण का जाते, हे समजण्यासाठी कंत्राटांच्या कागदपत्रांपर्यंत मागे जावे लागते, कारण अडचणीचे मूळ तिथे आहे.

‘या कामाची कंत्राटी रक्कम किती?’ या प्रश्नाला बांधकामाच्या व्यवहारात एकच उत्तर कधीच नव्हते. अभियंता सल्लागारांच्या फिडिक या आंतरराष्ट्रीय महासंघाने कंत्राटाच्या प्रमाणित अटी १९५७ साली प्रथम प्रसिद्ध केल्या. त्या पुढे ‘रेड बुक’ या नावाने ओळखल्या गेल्या. १९९९ च्या आवृत्तीत स्वीकृत कंत्राट रक्कम आणि कंत्राट किंमत अशा दोन संज्ञांच्या वेगवेगळ्या व्याख्या आहेत. निविदा स्वीकारताना मान्य झालेली ती पहिली, आणि अटींनुसार होणारी वाढ-घट धरून येणारी ती दुसरी. अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या संस्थेचा ‘जी ७०२’ हा देयक-अर्जाचा नमुनाही हाच भेद पाळतो. त्याच्या पहिल्या ओळीत मूळ रक्कम, दुसरीत चेंज ऑर्डरमुळे, म्हणजे कामातील बदलाच्या लेखी आदेशांमुळे, झालेला निव्वळ फरक आणि तिसरीत आजवरची कंत्राट रक्कम लिहायची असते. कामापोटी रोखून ठेवलेल्या रकमेलाही पुढे स्वतंत्र जागा आहे. मला हा नमुना दस्तऐवजीकरणाचा उत्तम धडा वाटतो, कारण कोणता आकडा कुठून आला हे तो भरणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला एकाच वेळी सांगतो.

ही माहिती संगणकात गेली तेव्हा ओळींच्या जागी रकाने आले आणि रकान्यांना नावे पडली. प्रोकोरसारख्या बांधकाम-व्यवस्थापन प्रणालींमध्ये मालकाशी झालेले मुख्य कंत्राट एकीकडे आणि उपकंत्राटे व पर्चेस ऑर्डर दुसरीकडे ठेवण्याची पद्धत आहे. ज्याने साइटवर बिले तपासली आहेत त्याला हा फरक सांगावा लागत नाही. पण ‘रक्कम’ एवढेच नाव असलेला रकाना कागदावरची ती तिसरी ओळ आहे की पहिली, हे नावावरून कळत नाही. सार्वजनिक खरेदीच्या बाजूला २०१४ साली खुल्या कंत्राट-माहितीचे एक प्रमाणक आले. नियोजन, निविदा, निवड, करार आणि अंमलबजावणी असे टप्पे करून त्यात निवडीच्या वेळचे मूल्य व कराराचे मूल्य वेगळे ठेवले आहे, आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ आराखड्यातच लिहिलेला आहे. खासगी प्रणालींत ही शिस्त क्वचितच आली.

दुसरा प्रवाह टूल्सच्या दस्तऐवजीकरणाचा. रॉय फील्डिंग यांनी २००० सालच्या प्रबंधात रेस्ट ही वेब-प्रणालींची रचनापद्धती मांडल्यानंतर वेबवरून माहिती देणारे एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागण्याचे ठरलेले मार्ग, वाढत गेले. त्यांचे वर्णन यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात लिहिण्यासाठी २०११ साली स्वॅगर आले, आणि पुढे त्याचेच ओपनएपीआय झाले. तरीही अशा वर्णनाचा खरा वाचक माणूसच होता. प्रोग्रामर ते वाचत असे, अडले तर लेखा विभागात फोन करून विचारत असे, आणि मिळालेले उत्तर आपल्या कोडमध्ये कायमचे उतरवून ठेवत असे. वर्णन अपुरे असले तरी निभावत होते, कारण उरलेले ज्ञान त्या माणसाकडे होते.

जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या मॉडेल्सना बाहेरचे फंक्शन, म्हणजेच टूल, वापरायला सांगण्याची सोय दिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने मॉडेलला टूल्स जोडण्याची सामाईक पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी, खुली केली. त्यात प्रत्येक टूलला नाव, वर्णन आणि इनपुटचा आराखडा असतो. मॉडेल ते वर्णन ऐन कामाच्या वेळी वाचते आणि त्यावरूनच कोणते टूल वापरायचे ते ठरवते. लेखा विभागात फोन करणारा वाचक इथे संपला.

याचा परिणाम एका साध्या उदाहरणात दिसतो. मूळ कंत्राट १०० चे, मंजूर चेंज ऑर्डर ८ च्या, आणि निर्णय न झालेल्या ५ च्या, असे समजू. ‘कंत्राटाची माहिती मिळवते’ एवढ्याच वर्णनाच्या टूलने एकच आकडा परत केला, तर एजंट १००, १०८ किंवा ११३ यांपैकी जो हाती येईल तो तितक्याच आत्मविश्वासाने सांगेल. तेच वर्णन असे लिहिता येते: ‘मुख्य कंत्राटाची मूळ आणि सुधारित रक्कम स्वतंत्रपणे देते. सुधारित रकमेत फक्त मंजूर चेंज ऑर्डर धरल्या आहेत. उपकंत्राटांसाठी दुसरे टूल वापरावे.’ तीन वाक्यांत ‘जी ७०२’ च्या त्या तीन ओळी परत येतात.

चुकीच्या दोन जागा मात्र कागदावर नव्हत्या, त्या एपीआयने आणल्या. यादी पानापानाने येते. १२० चेंज ऑर्डरपैकी पहिल्या ५० वर टूल थांबत असेल आणि वर्णनात तसे म्हटले नसेल, तर एजंट ५० चीच बेरीज करून तिला एकूण म्हणतो. आणि माहिती पाहण्याची परवानगी नसल्यामुळे रिकामा आलेला रकाना शून्य समजला जातो. ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण ‘देणे शून्य’ हे बांधकामात अगदी खरे वाटणारे उत्तर आहे. रिकामे म्हणजे ‘दिसत नाही’ आणि शून्य म्हणजे ‘देणे नाही’, हे वर्णनात लिहावेच लागते.

एमसीपीच्या २०२५ च्या आवृत्त्यांत टूल केवळ वाचते की काही बदलते हे सुचवणारी खूण आली, आणि परत येणाऱ्या माहितीचा आराखडा देण्याची सोयही झाली. पण त्या आराखड्यातल्या ‘रक्कम’ या शब्दापुढे काय लिहायचे, ते प्रोटोकॉल सांगत नाही. तिथे प्रोग्रामरच्या शेजारी बिले तपासणारा माणूस बसवावा लागतो.