डाग आधी ओळखा, मग फडकं उचला

गाडीवर हात फिरवला की बोटांना लागतो तो रंग नसतो. पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. चमक या क्लिअर कोटची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आतबाहेर. घासून काढलेला प्रत्येक डाग यातला थोडा थर सोबत नेतो आणि तो परत येत नाही. म्हणून जे विरघळतं ते कधीही घासू नये.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या अनेक सोसायट्यांत गाड्या बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याने धुतात. पाणी जड असेल तर उन्हात ते उडून जातं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पांढऱ्या गोल ठिपक्यांच्या रूपात मागे राहतात. शाम्पूने ते हलत नाहीत. पांढरं व्हिनेगर आणि आरओचं पाणी समप्रमाणात मिसळा, मायक्रोफायबरचं (बारीक धाग्यांचं मऊ) फडकं त्यात भिजवून ठिपक्यांवर मिनिटभर नुसतं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुऊन लगेच पुसा. आम्लाची कॅल्शियम कार्बोनेटशी क्रिया होते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेला क्षार पाण्यात विरघळतो. काम सावलीत, पत्रा थंड असतानाच करावं. तापलेल्या बोनेटवर व्हिनेगर सुकलं तर त्याचेच डाग पडतात. बांधकामावरून उडालेल्या सिमेंटच्या ताज्या शिंतोड्यांनाही हेच चालतं. दोनदा करूनही ठिपका राहिला तर तो बहुधा क्षार नसून क्लिअर कोटला पडलेला खड्डा असतो. तिथे व्हिनेगरचा उपयोग नाही.

पक्ष्यांच्या विष्ठेचं तसं नाही, तिथे घाई हवी. तिच्यात युरिक आम्ल असतं, शिवाय उन्हात क्लिअर कोट मऊ पडतो आणि सुकत आकसणारी विष्ठा त्यावर आपला ठसा उमटवते. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा पूर्ण विरघळवा (तळाशी राहिलेले कण ओरखडे काढतात), त्यात भिजवलेलं कापड दहा मिनिटं डागावर ठेवा आणि मऊ झालेला थर उचलून घ्या. बाजूला फरफटवू नका, आत वाळूचे खडे असतात.

पावसाळ्याआधी रस्त्यांची डागडुजी सुरू झाली की दारांच्या खालच्या भागावर डांबराचे काळे ठिपके दिसू लागतात. डांबर तेलकट, म्हणून तेलातच सुटतं. खोबरेल तेल लावून पाच-दहा मिनिटं थांबा. नाहीच सुटलं तर कापसाच्या बोळ्यावर रॉकेल घेऊन अर्धा मिनिट, रबर आणि प्लास्टिकपासून दूर, आसपास ज्योत नसताना. मग शाम्पूने धुवा. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर मात्र क्लिअर कोटच मऊ करतात, ते गाडीजवळ आणूच नयेत.

आता ओरखड्यांवर घासतात ती टूथपेस्ट. ओरखडा आधी ओला करून पाहा. पाण्याखाली तो दिसेनासा झाला तर तो क्लिअर कोटमध्येच आहे. हवेचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचं माप) १, पाण्याचा १.३३ आणि क्लिअर कोटचा साधारण १.५. चरात हवेऐवजी पाणी शिरलं की फरक घटतो, प्रकाश कमी विखुरतो आणि चर नजरेतून जातो. खोबरेल तेल लावल्यावर जुनी गाडी नवी दिसते ती याच कारणाने. चर भरतो, दुरुस्त होत नाही, आणि तेलावर धूळ चिकटते ती वेगळीच. टूथपेस्ट खरोखर झिजवते: तिच्यातले सिलिका किंवा चुनखडीचे कण चराच्या कडा बोथट करतात. पण ते कण दातांसाठी आहेत, त्यामुळे गडद रंगावर धुरकट पट्टा राहू शकतो. हरभऱ्याएवढी पेस्ट, ओलं मायक्रोफायबर, हातभर नव्हे तर वीतभर जागा, हलका दाब, वीस सेकंद, मग धुऊन पाहणं. मॅट रंगावर अजिबात नको. ओरखड्यात नख अडकत असेल तर कुठलीच पेस्ट पुरणार नाही.

यातले बहुतेक बारीक ओरखडे मुळात रोजच्या पुसण्यातून येतात. सोसायटीत एका बादलीत, एका फडक्याने ओळीने दहा गाड्या पुसल्या जातात. धुळीतलं क्वार्ट्झ क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण, आणि मेट्रोच्या कामाजवळ धूळ रोजची. आधी पाण्याच्या धारेने माती वाहू द्यावी, दोन बादल्या ठेवाव्यात, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळायची. भांडी घासायचं लिक्विड वॅक्सही काढून टाकतं, म्हणून ते नवीन वॅक्स लावायच्या आधी एकदाच.

नवी मुंबईतल्या पाम बीच रोडसारख्या खाडीलगतच्या भागात पत्र्यापर्यंत पोचलेला ओरखडा आठवड्यावर ठेवू नये. खारट दमट हवेत तिथे गंज धरतो आणि रंगाखालून पसरतो. जागा धुऊन पूर्ण कोरडी करा, गाडीवरच्या पट्टीवर दिलेल्या रंग-क्रमांकाच्या टचअप रंगाची छोटी बाटली आणा आणि काडीच्या टोकाने फक्त चरात, पातळ थर देत भरा. दोन थरांमध्ये अर्धा तास जाऊ द्या. पावसाळी हवेत त्याहून जास्त.