ऑपरेशनआधी स्वतःचंच रक्त काढून ठेवावं का?

मिरजेत ऑपरेशनची तारीख मिळाली की घरच्यांची पहिली धावपळ रक्तासाठी होते. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभारलं. आज सांगली-साताऱ्याबरोबर सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही पेशंट या गावात येतात. खुबा किंवा गुडघा बदलायचा असेल तर हाताशी काही आठवडे असतात, आणि मग कुणीतरी विचारतंच: दुसऱ्याचं रक्त कशाला, माझंच आधी काढून ठेवलं तर?

ठेवता येतं. 350 मिलिलिटर रक्त ज्या पिशवीत उतरतं, तिच्यात आधीपासूनच 49 मिलिलिटर पाण्यासारखा द्रव असतो. त्यातलं सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून गाठ धरत नाही. ग्लुकोज आणि अ‍ॅडेनिनवर तांबड्या पेशी तग धरतात. 2 ते 6 अंश तापमानात अशी पिशवी 35 दिवस टिकते. नेहमीच्या रक्तदात्याचं हिमोग्लोबिन (एचबी) निदान 12.5 लागतं, स्वतःसाठी देताना सहसा 11 चालतं. शेवटची पिशवी मात्र ऑपरेशनच्या किमान 72 तास आधी काढलेली हवी.

1980 च्या दशकात एचआयव्हीच्या धास्तीनं ही पद्धत जगभर वाढली, आणि तपासण्या सुधारल्या तशी मागे पडली. आपल्याकडे आता प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया अशी तपासणी सक्तीची आहे.

मागे पडण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. रक्त दिल्यावर त्यातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, तांबड्या पेशींना मात्र कित्येक आठवडे लागतात. 350 मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण 175 मिलिग्रॅम लोह जातं, आणि रोजच्या जेवणातून आतडी शोषतात जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं एचबी मुळातच 11-12 च्या घरात. त्यातून एक पिशवी काढली तर ती बाई टेबलावर जाते तीच अशक्त होऊन, आणि एरवी कदाचित लागलंच नसतं ते रक्त तिला द्यावं लागतं. शिवाय पिशवीतलं रक्तही जुनं होत जातं: पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं, आणि दोनेक आठवड्यांत ऊतींना ऑक्सिजन सोडून देण्याची त्यांची क्षमता मंदावते. नावाची चिठ्ठी चुकण्याचा धोका तर आपल्या रक्तालाही आहेच. आणि वापरलं गेलं नाही तर ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला न देता टाकून देतात.

म्हणून मला वाटतं, बहुतेकांनी हे आठवडे रक्त काढण्यात नव्हे, वाढवण्यात घालवावेत. तारीख ठरतानाच एचबी आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) तपासून घ्या. लोह कमी निघालं तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या सुरू करा. गोळ्यांनी भागण्याइतका वेळ नसेल तर शिरेतूनही लोह देता येतं. आणि गोळीबरोबर चहा अजिबात नको, त्यानं लोह नीट शोषलं जात नाही.

एका गटाच्या माणसांसाठी मात्र स्वतःची पिशवी खरोखर मोलाची ठरते: बॉम्बे रक्तगट. डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये मुंबईत तो शोधला. ए, बी गटांची खूण पेशीवरच्या ज्या एच नावाच्या पायाभूत खुणेवर (प्रतिजनावर) चढते, तोच यांच्या पेशींवर नसतो. साध्या तपासणीत गट 'ओ' दिसतो, पण क्रॉसमॅच करताना, म्हणजे पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळवून पाहताना, ओ गटाची एकही पिशवी जुळत नाही, कारण अंगात एचवर हल्ला करणारी प्रतिपिंडं असतात. भारतात साधारण 10 हजारांत एकाचा हा गट. अशा माणसाचं ऑपरेशन ठरलेलं असेल आणि एचबी चांगलं असेल, तर आधी पिशवी काढून ठेवण्याबद्दल रक्तपेढीशी जरूर बोलावं. त्याच वेळी सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्यावी: आई-वडील दोघंही या गटाच्या जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक असते.