पूर्वरंग, उत्तररंग आणि दामाजीचं कोठार

पंढरपूर आणि मंगळवेढा दोन्ही सोलापूर जिल्ह्यातच असल्यामुळे इथला श्रोता कीर्तनात मुरलेला. समोर उभा राहिलेला बुवा पाठ केलेलं बोलतोय की मनातलं, हे त्याला चटकन कळतं.

नारदीय कीर्तनाची बांधणी अशा श्रोत्यांसमोरच पक्की झाली असावी, असं मला वाटतं. आधी नमन. मग पूर्वरंगात एखादा अभंग किंवा पद घेऊन त्याचं निरूपण. मध्ये नामाचा गजर. तेवढ्यात बुवांना बुक्का लावून हार घालतात, मांडी अवघडलेली माणसं सावरून बसतात. त्यानंतर उत्तररंगात आख्यान, आणि शेवटी पुन्हा मूळ पदावर येऊन आरती. विचार आधी आणि गोष्ट नंतर, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. लक्ष ढळू लागतं नेमकी तिथेच गोष्ट सुरू होते.

आपल्याकडचं, मंगळवेढ्याचे बादशाही अधिकारी दामाजीपंत यांचं आख्यान घ्या. पूर्वरंगात दयेवरचं पद झालेलं असतं, पण तोवर दया हा नुसता शब्दच. मग दुष्काळ येतो. दामाजींच्या घरी पानावर बसलेला भुकेला पाहुणा घरची उपाशी लेकरं आठवून रडतो, घास त्याच्या तोंडात जात नाही. जाणता कीर्तनकार इथे घाई करत नाही. पेटी थांबते, आवाज खाली येतो. मग दामाजी बादशहाचं धान्याचं कोठार लोकांना खुलं करतात आणि विठोबा विठू महार होऊन बिदरला बादशहाकडे त्या धान्याचे पैसे भरतो, तेव्हा मघाचं पद कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

वारकरी कीर्तनाची घडण निराळी. तिथे असे दोन रंग नसतात. एकच अभंग घेऊन चरणाचरणाने पुढे जायचं, दृष्टांत द्यायचे. मागे उभे असलेले टाळकरी चाल उचलतात, त्यामुळे बुवा एकटा पडत नाही.

गाडगेबाबांनी (निधन 1956) तर श्रोत्यालाच बोलतं केलं. पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा बांधली. कीर्तनात मात्र ते कर्ज, दारू, मुलांची शाळा यांवर साध्या बोलीत प्रश्न विचारत. पुढचा प्रश्न समोरून आलेल्या उत्तरातून निघायचा, आणि मध्येच ‘गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला’चा गजर व्हायचा.